पंधरा दिवसांची लढाई, एकोणसत्तर वर्षांचा हिशेब

एप्रिल १८८६ मध्ये ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीच्या बंदरात उतरला. सोबत राणी सुपायालत, लहान मुली आणि थोडेफार नोकरचाकर होते. त्याच महिन्यात हिंदुस्थानात इन्कम टॅक्सचा नवा कायदा लागू झाला. शेतीचे उत्पन्न सोडून वर्षाला ५०० रुपयांच्या वर मिळवणाऱ्याने रुपयामागे चार-पाच पै सरकारजमा करायच्या होत्या. रत्नागिरीच्या कचेरीतला एखादा अव्वल कारकून त्या दिवसांत राजाला बघायला बंदरावर गेला असेल आणि परत येऊन कराच्या नावाने कुरकुरला असेल. या दोन्ही गोष्टी एकाच वहीच्या शेजारशेजारच्या पानांवर मांडलेल्या आहेत, हे त्याला कोणी सांगितले असण्याची शक्यता कमी.

थिबा पॅलेस पाहायला येणाऱ्यांना सहसा गोष्ट ऐकायला मिळते ती राजाच्या एकाकीपणाची आणि राजकन्यांच्या प्रेमप्रकरणांची. ती रंजक आहे, खोटीही नाही. मला मात्र ती इमारत एका लढाईच्या बिलातली एक बाब वाटते. लढाईचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, दारूगोळा आणि सैनिकांचे पगार येतात. प्रत्यक्षात ही यादीतली सर्वांत लहान आणि सर्वांत लवकर मिटणारी रक्कम असते. मोठ्या रकमा नंतर येतात, हप्त्याहप्त्याने येतात आणि बहुधा भलत्याच पत्त्यावर येतात.

लढाई लागली कशी, ते आधी पाहू. १८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. ब्रह्मदेशच्या जंगलांतले सागवान तोडायचे, नदीतून वाहून आणायचे आणि जहाजांवर चढवायचे, हा तिचा धंदा. ब्रह्मदेशचा दक्षिण भाग इंग्रजांनी १८२६ आणि १८५२ च्या लढायांत आधीच गिळला होता. उत्तरेत मंडालेला राजा होता आणि ही जंगले त्याच्या मालकीची होती. १८८५ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने ठपका ठेवला की कंपनीने जितक्या ओंडक्यांचे पैसे भरले त्याहून कितीतरी जास्त बाहेर काढले. दंड ठोठावला सुमारे २३ लाख रुपये. वाद एका लाकूड व्यापाऱ्याचा आणि त्याच्या घरमालकाचा होता, पण त्यात फ्रान्स आला. त्याच वर्षी जानेवारीत थिबाच्या दरबाराने फ्रेंचांशी करार केला होता आणि मंडालेला फ्रेंच वकील येऊन बसला होता. रंगूनचे इंग्रज व्यापारी आधीपासूनच उत्तर ब्रह्मदेश घ्या म्हणून सरकारच्या मागे लागले होते. इंग्लंडमध्ये निवडणूक तोंडावर होती आणि भारतमंत्री होते लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे पुढच्या काळातल्या विन्स्टनचे वडील. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला. १४ नोव्हेंबरला जनरल प्रेंडरगास्टची सुमारे दहा हजारांची फौज आगबोटींतून इरावती नदीने वर निघाली. महिनाअखेर थिबा कैद झाला होता.

पंधरा दिवस! जीवितहानीही नगण्य. एवढ्या स्वस्तात एवढे मोठे राज्य मिळाल्याचा आनंद लंडनच्या वर्तमानपत्रांना झाला असेल तर नवल नाही.

या आनंदात एक जुना अनुभव विसरला गेला. ब्रह्मदेशशी पहिली लढाई १८२४ ते १८२६ अशी दोन वर्षे चालली होती. तीत कंपनी सरकारचे सुमारे ४० हजार सैनिक उतरले आणि त्यांतले १५ हजार मेले, बहुतेक तापाने आणि हगवणीने. खर्च कमीत कमी ५० लाख पौंड झाला. काही अंदाज १ कोटी ३० लाखांपर्यंत जातात. हरलेल्या राजाकडून खंडणी ठरली १ कोटी रुपये, म्हणजे त्या काळच्या भावाने १० लाख पौंड. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडून खर्च वसूल करायचा ही पद्धत ऐकायला न्याय्य वाटते, पण वसुलीचे प्रमाण पाहिले की तिचा फोलपणा कळतो.

१८८५ मध्ये बिल कोणी भरायचे, हा प्रश्न कायद्याने आधीच उभा करून ठेवला होता. राणीच्या सरकारने १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार हाती घेतला तेव्हाच्या कायद्यात ५५ वे कलम होते: स्वारी परतवण्याची किंवा तशीच तातडीची निकड असल्याखेरीज हिंदुस्थानच्या सीमेबाहेरच्या लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल वापरायचा असेल तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती हवी. कलम चांगले होते. त्यात खोट एवढीच की ज्यांच्या खिशातून पैसे जायचे त्यांची संमती कोणी मागायची नव्हती. फेब्रुवारी १८८६ मध्ये पार्लमेंटने ती दिली. काही सभासदांनी विरोध केला, चर्चा झाली, ठराव पास झाला. लाकूड व्यापाऱ्याच्या भांडणातून निघालेल्या लढाईचा खर्च हिंदी रयतेच्या नावे पडला.

हिंदी माणसांना हे दिसत नव्हते असे नाही. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले ते याच वेळी, डिसेंबर १८८५ च्या शेवटच्या आठवड्यात. ७२ प्रतिनिधींनी जे नऊ ठराव केले त्यांतला एक ब्रह्मदेशाबद्दल होता: उत्तर ब्रह्मदेश खालसा करू नये, आणि करायचाच असेल तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा ठेवून सिलोनसारखी स्वतंत्र वसाहत करावी. ठरावात ब्रह्मी जनतेबद्दल सहानुभूती होती की नव्हती हे सोडून द्या. हिशेबाची जाण नक्की होती. आठवडा उलटायच्या आत, १ जानेवारी १८८६ रोजी, खालसा केल्याचा जाहीरनामा निघाला.

आणि तिथून खरा खर्च सुरू झाला. राजा पकडला गेला, पण राज्य शरण आले नाही. राजाचे सैनिक शस्त्रे घेऊन जंगलात गेले, गावोगावचे म्होरके, भिक्षू आणि गादीवर हक्क सांगणारे राजपुत्र उठले. दहा हजारांच्या फौजेने जे पंधरा दिवसांत जिंकले ते टिकवायला दोन वर्षांत तीस हजारांहून अधिक सैन्य आणि वर हजारो लष्करी पोलीस लागले. गावे जाळली गेली, वस्त्या उठवून दुसरीकडे बसवल्या गेल्या. सर चार्ल्स क्रॉस्थवेट या अधिकाऱ्याने या बंदोबस्तावर पुढे एक जाडजूड पुस्तक लिहिले. पंधरा दिवसांच्या लढाईवर तेवढे मोठे पुस्तक लिहिता आले नसते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सरकारला लढाईचे पैसे उभे करायला तीनच मार्ग असतात: कर वाढवणे, कर्ज काढणे किंवा नोटा छापून महागाईच्या वाटेने लोकांकडून न सांगता घेणे. कर सर्वांत प्रामाणिक, म्हणून सर्वांत नावडता. हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये इन्कम टॅक्स आणला. त्यामागे एकटा ब्रह्मदेश नव्हता हे खरे. अफगाण सीमेवर रशियाची भीती होती, तिच्यापायी फौज तीस हजारांनी वाढवायची होती, आणि चांदीचा भाव पडल्याने रुपया घसरत होता. पण इन्कम टॅक्स भरणारे मूठभर. मोठी रक्कम हवी तर ज्या वस्तूशिवाय कोणाचेच चालत नाही तिच्यावर हात घालावा लागतो. जानेवारी १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला गेला, आणि जी कारणे दिली गेली त्यांत उत्तर ब्रह्मदेशचा खर्च होता. आयात रॉकेलवरही कर बसला.

आठ आणे म्हणजे काय मोठेसे, असे वाटू शकते. तेव्हाचा मण आजच्या साधारण ३७ किलोंचा. पाच माणसांच्या घराला वर्षाला पाऊण मण मीठ लागते असे धरले तर कराचा एकूण बोजा दोन रुपयांच्या घरात जातो, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका. श्रीमंत माणूस गरिबाच्या दसपट मीठ खात नाही, त्यामुळे हा कर गरिबाच्याच कमाईचा मोठा लचका तोडतो. कोकणात तर समुद्र दारात, मिठागरे गावाशेजारी, आणि त्याच मिठावर मणामागे आठ आणे जास्त मोजायचे ते मंडालेच्या जंगलातल्या बंदोबस्तासाठी. १९३० मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यामागे अशा अनेक दशकांची चीड साठलेली होती.

मिळकतीची बाजूही वहीत आहे. ती दुसऱ्याच खात्यावर आहे, इतकेच. बॉम्बे बर्माला जंगलांचे ठेके मिळाले. येनानग्याँगच्या तेलविहिरींवर बर्मा ऑइल कंपनी १८८६ मध्येच ग्लासगोत उभी राहिली. तिच्याच पैशातून १९०९ मध्ये इराणातली अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली, जी आज बीपी म्हणून ओळखली जाते. मोगोकच्या माणकांच्या खाणींसाठी लंडनमध्ये कंपनी निघाली तेव्हा शेअर घेण्यासाठी झुंबड उडाली. तिचा मात्र पुढे बोऱ्या वाजला. बॉम्बे बर्मा अजून आहे. वाडिया समूहाची ही कंपनी मुंबई शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि ब्रिटानिया बिस्किटांतला मोठा वाटा तिच्याकडे आहे. तिच्या आजच्या भागधारकांचा या सगळ्यात काही दोष नाही, पण दंडाच्या त्या २३ लाखांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: दंड करणारे सरकारच उरले नाही. फायदा खासगी आणि खर्च सार्वजनिक, ही लढाईच्या अर्थकारणातली सर्वांत जुनी विभागणी आहे. म्हणूनच एकूण देशाला तोट्याच्या असलेल्या लढायाही होत राहतात. ज्यांना फायदा होतो ते थोडे, संघटित आणि दरबारी वजन असलेले असतात, आणि तोटा कोट्यवधी घरांत चिमूटचिमूट वाटला जातो.

हे मांडायला रत्नागिरी जिल्ह्यातलाच एक माणूस पुढे आला. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला होता, त्याच्यापुढे एप्रिल १८९७ मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे त्यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. वय अवघे तीस. साम्राज्याच्या धोरणासाठी सीमेबाहेर ज्या मोहिमा होतात त्यांचे ओझे हिंदी करदात्यावर का, असा त्यांचा सवाल होता. दादाभाई नौरोजी त्या आयोगाचे सभासदच होते. आपल्याकडे गोखल्यांची ती इंग्लंडवारी लक्षात राहिली आहे ती पुण्याच्या प्लेगमधल्या सोजिरांबद्दल केलेल्या विधानासाठी आणि नंतर मागितलेल्या माफीसाठी; आकडे घेऊन दिलेली साक्ष मागे पडली. १९०२ मध्ये ते केंद्रीय कायदे मंडळात गेले आणि पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात म्हणाले की दुष्काळ-प्लेगच्या काळात सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते याचा अर्थ लोक सुखी आहेत असा नाही, कर गरजेपेक्षा जास्त आहे असा आहे. मिठावरचा कर पुन्हा दोन रुपयांवर आला तो १९०३ मध्ये. तात्पुरत्या निकडीचे आठ आणे उतरायला पंधरा वर्षे लागली.

आता याच जिल्ह्यातून, याच दशकात निघालेला दुसरा कागद पाहा. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले होते. दापोलीला आजही कॅम्प दापोली म्हणतात, कारण ती लष्करी छावणी होती आणि निवृत्त सैनिकांची वस्ती होती. रत्नागिरी जिल्हा हे मुंबई इलाख्याच्या फौजेचे भरतीचे मोठे क्षेत्र. महार, मराठे आणि इतर अनेकांच्या घरांत शेतीपेक्षा पगार आणि पेन्शन यांवरच चूल पेटायची. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, आणि तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहिले. १८९० नंतर लवकरच लष्कराने ‘लढवय्या जाती’ची नवी व्याख्या केली, उत्तरेकडची भरती वाढवली आणि महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेल्या कुटुंबांना एका फटक्यात दार बंद झाले. १८९४ मध्ये वलंगकरांनी सरकारकडे ही भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीपत्र तयार केले.

एक गोपाळराव म्हणतात फौजेवर इतका खर्च नको, दुसरे गोपाळबाबा म्हणतात आमच्या मुलांना फौजेत घ्या. माझ्या मते दोघेही बरोबर होते, आणि लढाईच्या अर्थशास्त्राची सगळी अडचण इथेच आहे. लष्करी खर्च एकाची करपावती असतो आणि दुसऱ्याचे पगारपत्रक. ज्या गावात जमीन नाही, विहिरीवर पाणी भरायची मुभा नाही, शाळेत बसायची मुभा नाही, तिथे पलटणीने पगार दिला, अक्षरे शिकवली, पेन्शन दिली आणि सुभेदार ही पदवी दिली. मिठावरच्या आठ आण्यांचा तोटा या घरांनाही होतच होता, पण दरमहाच्या पेन्शनीपुढे तो दिसत नव्हता. खर्च कमी करा म्हणणाऱ्याने त्या खर्चावर जगणाऱ्यांना दुसरे काय देणार हे सांगावे लागते. ते गोखल्यांच्या काळात कोणी सांगितले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली गेली आणि गरज संपताच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, म्हणजे पुन्हा युद्धातलीच.

पेन्शन ही लढाईच्या बिलातली सर्वांत चिवट बाब. अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले; त्यातल्या एका सैनिकाच्या मुलीला सरकारकडून महिन्याला ७३ डॉलर मिळत होते ते २०२० पर्यंत, ती वारेपर्यंत. पहिल्या महायुद्धासाठी काढलेल्या कर्जरोख्यांपैकी उरलेले रोखे ब्रिटनने २०१५ मध्ये फेडले. इराक युद्धाला ५० ते ६० अब्ज डॉलर लागतील असे अमेरिकन सरकारने २००३ च्या सुमारास सांगितले होते. जोसेफ स्टिगलिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी २००८ मध्ये जखमी सैनिकांचे उपचार, पेन्शन आणि कर्जावरचे व्याज धरून तीन लाख कोटी डॉलरचा अंदाज मांडला. अंदाज वर-खाली होऊ शकतो, पण चूक नेहमी एकाच दिशेने होते. घर बांधणाऱ्या कंत्राटदारासारखा लढाईचा आकडाही सुरुवातीला कमीच सांगितला जातो, नाहीतर काम मिळत नाही.

थिबाचे पेन्शन याच जातीचे. हरलेल्या राजाला मारले तर तो हुतात्मा होतो, सोडला तर परत येतो. म्हणून पोसावा लागतो. बहादूरशाह जफरला १८५८ मध्ये दिल्लीहून रंगूनला नेले होते, थिबाला रंगूनकडून इकडे आणले. रत्नागिरीची निवड सोयीची होती. रेल्वे नाही, समुद्रावाचून वाट बिकट आणि पावसाळ्यात बंदर बंद. सुरुवातीला भाड्याच्या बंगल्यांत कुटुंब ठेवले. तनखा पुरेना, मंडालेहून आणलेले दागिने एकेक करून विकले गेले, कर्ज झाले, तनखा वाढवून द्या म्हणून अर्ज गेले. राजाच्या देखरेखीसाठी पोलीस अधिकारी नेमलेला असे; त्याचा पगार, पहारा, घरभाडे, डॉक्टर हे सगळे सरकारी तिजोरीतून. शेवटी भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा पॅलेस बांधला आणि १९१० मध्ये कुटुंब तिथे गेले. त्यातले सागवान ब्रह्मदेशातून आणले होते असे सांगतात. डिसेंबर १९१६ मध्ये, तीस वर्षे रत्नागिरीत काढून, थिबा वारला. राणी १९१९ मध्ये रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, इथेच तिचा संसार झाला आणि तो गरिबीत झाला. दरम्यान १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांचा खर्चही अर्थातच करदात्याकडेच.

यानंतर वहीत तांदूळ येतो. इंग्रजी अमलात इरावतीच्या खोऱ्यात भाताचे पीक अफाट वाढले आणि हिंदुस्थानला तिथला स्वस्त तांदूळ घ्यायची सवय लागली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांदूळ तिकडून येत असे. भाताची खाचरे असूनही रत्नागिरी जिल्ह्याचे स्वतःच्या पिकावर कधी भागले नाही; मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आणि बाहेरचा तांदूळ यांवरच वर्ष काढायचे. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ही वाट एका महिन्यात बंद झाली. तांदळाचे भाव भडकले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. बंगालमध्ये तर लाखोंनी माणसे मेली. त्या दुष्काळाची इतरही कारणे होती आणि त्यांतली काही अक्षम्य होती, पण जिंकलेल्या मुलुखाच्या धान्यावर विसंबण्याची किंमत त्यात होती.

मूळ हिशेब मात्र अजून मिटायचा होता. काँग्रेसने १८८५ मध्ये मागितले होते तसा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, पण १ एप्रिल १९३७ रोजी. वाटणी आली की कर्जाचीही वाटणी आली. हिंदी बाजू म्हणे, ब्रह्मदेश जिंकायला आणि सांभाळायला आमचा पैसा गेला, तो त्यांच्या नावे टाका. ब्रह्मी बाजू म्हणे, आम्हाला जिंकल्याचा खर्च आम्हीच द्यायचा? दोन्ही बाजूंचे तर्क बिनतोड होते आणि दोन्ही बाजू चुकीच्या माणसाशी भांडत होत्या. सुमारे अर्धशतकापूर्वी ज्या सभागृहाने हा खर्च वाटून दिला होता त्याच्यापर्यंत बिल पोहोचलेच नाही. लवाद नेमला गेला, ब्रह्मदेशचा वाटा ठरला, हप्ते बांधले गेले. पुढे युद्ध आले, दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि येणे तसेच पडून राहिले. अखेर १९५४ मध्ये भारताने ब्रह्मदेशकडून तांदूळ विकत घेण्याचा मोठा करार केला, तेव्हा त्याच वाटाघाटींत हे जुने कर्जही निकाली काढले गेले.